जीआयएस स्क्रिप्टमध्ये फील्डची नावं कशी तपासावीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: एक्सेल आणि सीएसव्हीमधून आलेले तक्ते आर्कपायच्या (आर्कजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरच्या पायथन लायब्ररीच्या) स्क्रिप्टने फाइल जिओडेटाबेसमध्ये (आर्कजीआयएसच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये) भरले जातात आणि शेवटी त्यांची शेपफाइलही (भू-डेटाचा एक जुना फाइल प्रकार) काढली जाते. प्रत्येक कॉलमचं नाव व्हॅलिडेटफील्डनेम या फंक्शनमधून काढूनही कधी कर्सर (टेबलातल्या ओळी वाचणारं-लिहिणारं साधन) ‘सांगितलेला कॉलम अस्तित्वात नाही’ म्हणून थांबतो, तर कधी दोन कॉलमांच्या आकड्यांची अदलाबदल झालेली दिसते. मग नावं तपासायची तरी कशी?

फील्डचं, म्हणजे कॉलमचं, नाव मुळात बरोबर किंवा चूक नसतं. ते कुठे साठवलं जाणार आहे, यावर त्याची वैधता ठरते. फाइल जिओडेटाबेसला ६४ अक्षरांपर्यंतचं नाव चालतं. शेपफाइलच्या डीबीएफमध्ये (तक्ता साठवणाऱ्या फाइलमध्ये) जागा १० बाइटांची. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये मर्यादा ६३ बाइटांची. ओरॅकलमध्ये १२.२ आवृत्तीच्या आधी ३० बाइट होती, त्यानंतर १२८ झाली. एसक्यूएल सर्व्हरमध्ये १२८ अक्षरं. त्यामुळे ‘नाव तपासलं’ एवढं म्हणून भागत नाही, कोणत्या ठिकाणासाठी तपासलं ते स्क्रिप्टमध्ये स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. तुमच्याकडे ठिकाणं दोन आहेत आणि तपासणी एकदाच होते आहे. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

व्हॅलिडेटफील्डनेम दोन गोष्टी घेतं: नाव आणि वर्कस्पेसचा, म्हणजे डेटा जिथे साठवायचा त्या जागेचा, पाथ. दुसरी गोष्ट ऐच्छिक आहे, आणि नेमकी तीच लोक गाळतात. ती दिली नाही तर फंक्शन सध्याच्या एन्व्हायर्नमेंटमधल्या वर्कस्पेसचे नियम लावतं. तोही ठरवलेला नसेल, तर साध्या फोल्डरचे, म्हणजे शेपफाइलचे नियम लागतात. एकच स्क्रिप्ट एका मशीनवर लांब नावं ठेवते आणि दुसऱ्या मशीनवर कापते, त्याचं कारण बहुधा हेच असतं. म्हणून पाथ नेहमी हाताने द्या. निकाल जिओडेटाबेसमध्ये जाणार असेल तर त्या जिओडेटाबेसचा पाथ, शेपफाइल होणार असेल तर फोल्डरचा, एंटरप्राइझ (पोस्टग्रेस, ओरॅकलसारखा सर्व्हरवरचा) डेटाबेस असेल तर .एसडीई कनेक्शन फाइलचा. आउटपुटच्या पाथवरून वर्कस्पेस काढताना एक काळजी घ्या. फीचर क्लास (आकारांसह असलेलं टेबल) एखाद्या फीचर डेटासेटच्या (जिओडेटाबेसमधल्या गटाच्या) आत असेल तर पाथमध्ये एक पायरी वर गेल्यावर डेटासेट हाती लागतो, जिओडेटाबेस नाही. आणखी एक पायरी चढावी लागते.

आता हे फंक्शन काय करत नाही, ते पाहू. ते अवैध चिन्हांच्या जागी अंडरस्कोर घालतं आणि त्या ठिकाणी चालेल असं नाव परत देतं. त्या नावाचं फील्ड टेबलमध्ये आधीच आहे का, हे ते बघत नाही. त्यासाठी लिस्टफील्ड्सने यादी काढून स्वतःच पडताळावं लागतं. तुम्ही आधी पाठवलेली नावंही त्याच्या लक्षात राहत नाहीत. ‘एरिया (हेक्टर)’ आणि ‘एरिया-हेक्टर’ हे दोन मथळे अंडरस्कोर बसल्यावर जवळजवळ एकसारखे होतात, आणि लागोपाठचे अंडरस्कोर तुमच्या स्क्रिप्टने एकत्र केले आणि शेवटचा काढला की अगदी एकच. प्रत्येक नाव सुटं पाहिलं तर निर्दोष, पण दोन्ही एका टेबलात बसत नाहीत. क्रिएटयुनिकनेम नावाचं आणखी एक फंक्शन आहे, पण ते टेबल आणि फाइलींच्या नावांसाठी आहे. फील्डसाठी त्याचा उपयोग नाही.

आकड्यांच्या अदलाबदलीचं मूळ नाव कापलं जाण्यात आहे. हे जवळून पाहण्यासारखं आहे. रोमन लिपीत ‘पॉप्युलेशन’ या शब्दाला बरोबर १० अक्षरं लागतात. समजा जिओडेटाबेसमध्ये ‘पॉप्युलेशन_२०११’ आणि ‘पॉप्युलेशन_२०२१’ ही दोन फील्ड रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत आहेत. शेपफाइल काढताना पहिल्याचं वर्ष गळून पडतं आणि नुसतं ‘पॉप्युलेशन’ उरतं. दुसरंही तेच होणार, म्हणून जीडालचा (भू-डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या मुक्त लायब्ररीचा) शेपफाइल ड्रायव्हर त्याची पहिली ८ अक्षरं ठेवून पुढे _१ जोडतो. त्यानंतरच्या तशाच नावांना _२, _३ असे क्रमांक मिळतात, ९९ पर्यंत. कोणतं नाव कोणाला मिळणार हे केवळ कॉलमांच्या क्रमावर ठरतं. पुढच्या महिन्यात एक्सेलमध्ये कुणी कॉलम मागेपुढे केले की नुसतं ‘पॉप्युलेशन’ म्हणजे २०२१ आणि _१ लावलेलं म्हणजे २०११. एररचा मेसेज येत नाही, नकाशा तयार होतो आणि आकडे चुकीचे असतात. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत घातक दोष हाच आहे, कारण स्क्रिप्ट थांबली तर माणूस शोधायला तरी लागतो.

उपाय असा की कापण्याचं काम सॉफ्टवेअरवर सोडायचं नाही. शेपफाइल काढायची असेल तर १० अक्षरांची छोटी नावं तुम्हीच ठरवा, आणि नावातला फरक दाखवणारा भाग पुढे आणा. ‘पॉप११’, ‘पॉप२१’ अशी नावं कशीही कापली तरी वेगळी राहतात. नावं शेकड्यांनी असतील तर स्क्रिप्टने कापा, पण _१ सारखं शेपूट जोडताना त्याची जागा आधी राखून ठेवा. मर्यादेतून शेपटाची लांबी वजा करायची, मूळ नाव तेवढंच ठेवायचं आणि मग शेपूट जोडायचं. आधी १० पर्यंत कापून मग _१ जोडलं तर नाव १२ अक्षरांचं होतं आणि पुढे कुणीतरी ते पुन्हा कापतं. एकमेवपणा तपासताना नावं लहान लिपीत आणून तुलना करा. जिओडेटाबेस लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, पायथन करतो. पायथनच्या दृष्टीने ‘नेम’ हे लहान आणि मोठ्या रोमन अक्षरांत लिहिलेले दोन शब्द वेगळे असतात, पण एका टेबलात ते शेजारी राहू शकत नाहीत.

देवनागरी नावं ठेवायची असतील तर मोजमाप अक्षरांत करू नका, बाइटांत करा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि चिन्ह म्हणजे फक्त व्यंजन नव्हे; काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळी स्वतंत्र मोजली जातात. ‘नाव’ या शब्दाचे ९ बाइट होतात, ते शेपफाइलमध्ये बसतात. ‘उंची’चे १२ होतात, ते बसत नाहीत. डीबीएफच्या हेडरमध्ये प्रत्येक फील्डच्या ३२ बाइटांच्या नोंदीत नावासाठी ११ बाइट असतात आणि त्यातला शेवटचा रिकामा ठेवावा लागतो. बाइट मोजून कापणारं सॉफ्टवेअर ‘उंची’ची तीन चिन्हं ठेवेल आणि चौथ्याचा एकच बाइट मागे उरेल. असं अर्धवट चिन्ह वाचताना पुढचं सॉफ्टवेअर प्रश्नचिन्ह दाखवतं किंवा डिकोडिंगच्या एररवर अडतं. ‘लोकसंख्या’ला ९ चिन्हं आहेत, म्हणजे २७ बाइट. ओरॅकलच्या जुन्या ३० बाइटांत ती जेमतेम मावते, ‘लोकसंख्या_२०११’ मात्र मावत नाही. पोस्टग्रेसमध्ये ६३ बाइट म्हणजे देवनागरीची २१ चिन्हं. त्याहून लांब नाव पोस्टग्रेस फक्त एक सूचना देऊन कापतं. गंमत अशी की नंतर क्वेरीत तेच लांब नाव वापरलं तर तेही तसंच कापलं जातं, म्हणून क्वेरी चालते, पण पायथनमध्ये टेबलाच्या फील्डच्या यादीशी तुलना केली तर नाव सापडत नाही.

देवनागरी नाव स्क्रिप्टने कापायचं तर आधी त्याचे बाइट करा, मर्यादेवर कापा आणि अर्धवट उरलेले बाइट दुर्लक्षित करून पुन्हा अक्षरांत आणा. त्यानंतर शेवटी लोंबकळणारा हलन्त राहिला असेल तर तोही काढा. ‘लोकसंख्या’ २१ बाइटांवर कापली तर ‘लोकसंख्’ उरतं, आणि पुढे अंडरस्कोर जोडला की ते वाचवत नाही.

यात पायथनचा एक सापळा आहे आणि देवनागरीत काम करणारा प्रत्येक जण कधी ना कधी त्यात सापडतो. नावातली नको असलेली चिन्हं काढायला बहुतेक जण रेग्युलर एक्स्प्रेशनमधला ‘शब्दात न बसणारं चिन्ह’ हा वर्ग वापरतात, म्हणजे उलट्या तिरप्या रेषेपुढे मोठा डब्ल्यू. पायथनच्या मूळ ‘आरई’ मॉड्यूलमध्ये हा वर्ग मात्रांना अक्षर मानत नाही. त्यामुळे ‘लोकसंख्या’चं ‘ल_कस_ख_य_’ होतं. ‘इझअल्फा’ आणि ‘इझअल्नम’ या मेथडही ‘नाव’ या शब्दाला नकार देतात, कारण मधला काना त्यांच्या हिशेबात अक्षर नाही. याउलट ‘इझआयडेंटिफायर’ ही मेथड काना-मात्रा मान्य करते, म्हणून देवनागरी नावांसाठी तिचा निकाल जास्त विश्वासार्ह आहे. पण ती एसक्यूएलचे राखीव शब्द ओळखत नाही आणि सुरुवातीचा अंडरस्कोर चालवून घेते. नावं रोमनमध्येच ठेवायची असतील तर वर्ग स्पष्ट लिहा: ए ते झेड, शून्य ते नऊ आणि अंडरस्कोर, एवढंच. ‘अंक’ हा तयार वर्ग वापरला तर देवनागरी अंकही आत येतात.

मथळ्यांमधल्या न दिसणाऱ्या चिन्हांकडे तितकंच लक्ष द्या. सीएसव्हीच्या पहिल्या कॉलमच्या आधी बऱ्याचदा बीओएम (फाइलचं एन्कोडिंग सांगणारं अदृश्य चिन्ह) चिकटलेलं असतं. फाइल ‘यूटीएफ-८-सिग’ एन्कोडिंगने उघडली की ते निघून जातं, साध्या यूटीएफ-८ ने उघडली तर पहिल्या कॉलमचं नाव दिसतं बरोबर आणि जुळत मात्र नाही. एक्सेलमधून न तुटणाऱ्या स्पेस आणि सेलच्या आतल्या नव्या ओळी येतात. पायथनचं ‘स्ट्रिप’ कडेच्या न तुटणाऱ्या स्पेस काढतं, पण शून्य रुंदीची स्पेस आणि बीओएम काढत नाही, ती नावानिशी काढावी लागतात. मराठीत आणखी एक अडचण आहे. ‘किनाऱ्या’मधला अर्धा ‘र’ दोन प्रकारे टाइप होतो: यू+०९३१ हे चिन्ह आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, तुलनेत वेगळे ठरतात, आणि युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारी पद्धत) त्यांना एक करत नाही. नॉर्मलायझेशन कराच, कारण नुक्त्याची अक्षरं त्याने एकसारखी होतात, पण ‘र’, हलन्त आणि जोडक ही जोडी सापडली तर तिच्या जागी यू+०९३१ आणि हलन्त घालणारी एक ओळ स्वतः लिहा. बाकीचे जोडक त्यानंतरच काढा. क्रम उलटा झाला तर ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो.

राखीव शब्दांचं पूर्ण काम फंक्शनवर सोपवू नका. फाइल जिओडेटाबेससाठी सिलेक्ट, फ्रॉम, ऑर्डर, ग्रुप, टेबल, व्हॅल्यूज, व्हेअर असे शब्द वर्ज्य आहेत. ओरॅकलमध्ये त्यात डेट, लेव्हल, नंबर, साइझ, कमेंट यांची भर पडते, आणि सर्वेक्षणाच्या तक्त्यांत हेच मथळे सर्रास असतात. पोस्टग्रेसमध्ये ‘युझर’ नावाचं फील्ड अवतरणचिन्हांत घालून तयार होतं. नंतर कुणी अवतरण न लावता ते मागितलं की प्रत्येक ओळीत लॉगिन केलेल्या वापरकर्त्याचं नाव येतं. एरर नाही, फक्त खोटा डेटा. आणि भू-डेटावाल्यांनी हे तर लक्षात ठेवायलाच हवं: सीमाचौकट साठवायला ‘एक्समिन’ आणि ‘एक्समॅक्स’ ही फील्ड पोस्टग्रेसमध्ये करताच येत नाहीत, कारण ती प्रत्येक टेबलाची अंतर्गत सिस्टिम फील्ड आहेत. अवतरणचिन्हं लावूनही उपयोग होत नाही. ‘वायमिन’, ‘वायमॅक्स’ मात्र बिनदिक्कत होतात, त्यामुळे चारांपैकी दोनच अडली की माणूस चक्रावतो. नावापुढे ‘बी_’ लावून चारही सारखी ठेवा.

ऑब्जेक्टआयडी, एफआयडी, शेप, शेप_लेंग्थ, शेप_एरिया ही नावं आर्कजीआयएस स्वतः सांभाळतं, आपल्या कॉलमला देऊ नका. जिओपॅकेजमध्ये (भू-डेटाच्या आणखी एका फाइल प्रकारात) जीडाल प्राथमिक किल्लीला ‘एफआयडी’ म्हणतं. मूळ तक्त्यात त्याच नावाचा कॉलम असेल आणि त्यात एखादी किंमत दोनदा आली असेल, तर लिहिताना एकमेवपणाच्या अटीचा भंग होऊन काम थांबतं. अशा कॉलमला आधीच ‘मूळ_एफआयडी’सारखं नाव देऊन मोकळं व्हावं. अंकाने सुरू होणाऱ्या मथळ्यांनाही फंक्शनकडे पाठवण्याआधी स्वतःचं एखादं अक्षर पुढे लावा, म्हणजे निकाल सगळीकडे एकच येतो.

या सगळ्याचा क्रम ठरलेला आहे. आधी नॉर्मलायझेशन आणि अदृश्य चिन्हं, मग स्पेस आणि विरामचिन्हांच्या जागी अंडरस्कोर, लागोपाठचे अंडरस्कोर एक करणं आणि कडेचे काढणं. मग अंकाची सुरुवात, मग राखीव शब्द, मग व्हॅलिडेटफील्डनेम, मग बाइटांवर कापणं, आणि सर्वांत शेवटी एकमेवपणा. एकमेवपणा कापण्याआधी तपासला तर कापल्यावर पुन्हा दुहेरी नावं होतात. सगळं झाल्यावर प्रत्येक अंतिम नाव त्याच वर्कस्पेससह पुन्हा एकदा फंक्शनमधून काढा. जे गेलं तेच परत आलं पाहिजे. नाही आलं तर तिथेच थांबा आणि मूळ मथळा व दोन्ही नावं मेसेजमध्ये छापा.

कर्सर का अडतो, ते आता कळेल. व्हॅलिडेटफील्डनेमने नाव बदललं, फील्ड नव्या नावाने तयार झालं आणि कर्सरला मात्र जुना मथळा दिला गेला. फंक्शनने परत दिलेली किंमत व्हेरिएबलमध्ये धरून पुढे सगळीकडे तीच वापरा. शिवाय कर्सरचा तो मेसेज कोणता कॉलम नाही हे सांगतच नाही. म्हणून कर्सर उघडण्याआधी हव्या असलेल्या नावांचा संच आणि लिस्टफील्ड्समधल्या नावांचा संच, दोन्ही लहान लिपीत, एकमेकांतून वजा करा आणि उरलेली नावं छापा. हे तीन ओळींचं काम आहे आणि त्याने तासभराची शोधाशोध वाचते. ऑब्जेक्टआयडी आणि आकार यांच्यासाठी नावं लिहूच नका, ‘ओआयडी@’ आणि ‘शेप@’ ही टोकन वापरा.

जॉइन केल्यावर नावं बदलतात, हेही ध्यानात ठेवा. अ‍ॅडजॉइननंतर फील्ड ‘टेबल.फील्ड’ अशा पूर्ण नावाने दिसतं, आणि क्वालिफाइडफील्डनेम्स हे एन्व्हायर्नमेंट सेटिंग चालू असताना त्याची प्रत काढली की टिंबाच्या जागी अंडरस्कोर येऊन नाव लांबतं. नुसतं फील्डचं नाव हवं असेल तर फील्ड ऑब्जेक्टची ‘बेसनेम’ प्रॉपर्टी घ्या. टिंबावर नाव तोडू नका. एंटरप्राइझ डेटाबेसमध्ये टेबलाच्या नावातच डेटाबेस आणि मालक यांची टिंबं असतात. तिथे पार्सफील्डनेम चारही भाग वेगळे करून देतं. एसक्यूएलच्या अटीत फील्डला कोणतं अवतरण लागतं हे स्रोतावर अवलंबून असतं, तेव्हा ते हाताने न लावता अ‍ॅडफील्डडिलिमिटर्सकडून घ्या.

क्यूजीआयएसमध्ये (मुक्त जीआयएस सॉफ्टवेअरमध्ये) स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी दोन धोके. ‘इंडेक्सफ्रॉमनेम’ला फील्ड सापडलं नाही तर ते उणे १ देतं. तो आकडा तसाच फीचरच्या अ‍ॅट्रिब्यूटच्या यादीला लावला तर पायथन शेवटचा कॉलम देतं, कारण यादीत उणे १ म्हणजे शेवटचा घटक. सापडलेला क्रमांक शून्यापेक्षा लहान आहे का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसरा धोका जिओपॅकेजचा, म्हणजे त्याखालच्या एसक्यूलाइटचा. त्यात दुहेरी अवतरणातलं नाव कोणत्याही कॉलमशी जुळलं नाही तर ते सामान्यतः साधा मजकूर म्हणून वाचलं जातं. नाव चुकलं की एररऐवजी प्रत्येक ओळीत तेच चुकलेलं नाव किंमत म्हणून मिळतं.

मूळ मथळे टाकून देऊ नका. स्क्रिप्टने एक छोटा जुळणी-तक्ता लिहावा: मूळ मथळा, जिओडेटाबेसमधलं नाव, शेपफाइलमधलं नाव, प्रकार. पुढच्या वेळी नावं नव्याने बनवण्याऐवजी आधी हा तक्ता वाचायचा आणि फक्त नवे मथळे त्यात जोडायचे. कॉलमांचा क्रम बदलला तरी नावं बदलत नाहीत आणि अदलाबदलीचा प्रश्न मुळातून मिटतो. जिओडेटाबेसमध्ये मूळ मराठी मथळा एलियास (दाखवण्यापुरतं नाव) म्हणून ठेवा, तिथे स्पेस आणि कंसही चालतात. शेपफाइल एलियास साठवत नाही, म्हणून तिच्यासोबत हा तक्ता द्यायलाच हवा. नाव बदलण्याचं ऑल्टरफील्ड हे टूल शेपफाइलवर चालत नाही. तिथे नावं लिहितानाच, फील्डमॅपिंग्जमधून (कोणता कॉलम कोणत्या नावाने जाईल हे ठरवणाऱ्या यादीतून) ठरवावी लागतात. फील्डमॅपचं आउटपुटफील्ड हातात येतं ते प्रत म्हणून. त्याचं नाव बदललं की ते पुन्हा फील्डमॅपला नेमून द्या, आणि फील्डमॅपही फील्डमॅपिंग्जमध्ये परत बसवा. यातली एक पायरी राहिली तरी बदल हरवतो आणि आउटपुट जुन्याच नावाने येतं.

स्क्रिप्ट टूल बनवून इतरांना देणार असाल तर आधीच असलेलं फील्ड निवडण्यासाठी पॅरामीटरचा प्रकार ‘फील्ड’ ठेवा आणि त्याला इनपुट टेबलवर अवलंबून करा. यादीतून निवडलेलं नाव चुकायची शक्यता फार कमी. नवं नाव टाइप करायचं असेल तर अपडेटमेसेजेसमध्ये व्हॅलिडेटफील्डनेमचं उत्तर आणि टाइप केलेलं नाव यांची तुलना करा. फरक असेल तर सुचवलेलं नाव दाखवून वॉर्निंग द्या, आणि ते फील्ड टेबलमध्ये आधीच असेल तर सरळ एरर. अपडेटपॅरामीटर्समध्ये वापरणाऱ्याचं नाव गुपचूप बदलू नका. तो पुढच्या टूलमध्ये स्वतः टाइप केलेलंच नाव शोधत बसतो.